लॉक मागं बसवावं का पुढं?

अरे, मी जंगलठेकेदाराची जीप चालवत होतो ना, तवाची गोष्ट. झरी जामणीकडं जाताना नाल्यात फसलो, अन् पाणी वाढून राह्यलतं. मागचं एक चाक गरगर फिरे, दुसरं जागचं हलेना. मालक पाण्यात उभे राहून म्हणे, “दोन्ही चाकं संगं फिरवणारं लॉकच पाह्यजे. मागं बसवावं का पुढं?”

तेवढ्यात तांड्याचे नाईक बैलं घेऊन आले. म्हटलं, “जुंपा लवकर!”

“कायले? तुही जीप त्या फुकट फिरणाऱ्या कामचोरालेच सारा चारा देते.”

त्यायनं बैलांची दावी सोडली अन् फिरणारं चाक जीपच्या सांगाड्याले करकचून बांधलं. मी गाडी रेटली, तसा दुसऱ्या चाकानं जोर धरला, जीप काठावर!

मालकानं पुन्हा विचारलं, “मंग? लॉक कुठं?”

म्हटलं, “मागं बसवा मालक. अन् पुढं नाईकाले बसवा.”