बाईंनी कुठे उभं राहायचं

सासरे : …हरवलं नव्हतं गं. हरवलं असतं तर निदान तसं सांगता आलं असतं. पत्र मिळालं, वाचलं, उत्तर दिलं नाही. एवढीच गोष्ट आहे.

सून : आणि मी आठवडाभर माझी मेल उपसतेय. गाणी विकायच्या करारावर सही मागितली, तर बाईंनी एका ओळीत कळवलं होतं, 'माझ्या पत्राचं उत्तर आलं की सहीचं बघू.' मला वाटलं, माझ्याकडूनच राहिलं. जंकमधलं सगळं वाचून काढलं, बाबा. टक्कल घालवायच्या तेलाच्या जाहिरातीसुद्धा.

सासरे : तुझ्याकडून कसं राहील? तू तेव्हा शाळेत असशील. पत्र मला होतं, माझ्या रेकॉर्डच्या दुकानाच्या पत्त्यावर.

सून : सोमवारी गाण्यांचं ऑनलाइन दुकान उघडायचंय, आज शुक्रवार आहे, आणि हे तुम्ही मला आत्ता सांगताय.

सासरे : मला वाटलं, विसरल्या असतील.

सून : अकॉर्डियन वाजवतात त्या. शेकडो धुना, एकही कागद समोर न ठेवता. त्या विसरतील?

सासरे : आता तसं वाटतंय खरं.

सून : बरं, त्या एकट्या असत्या तरी भागलं असतं. पुलाच्या अलीकडच्या सगळ्या वादकांनी सह्या दिल्या. पलीकडचा एकूण एक माणूस म्हणतो, 'बाई करतील तसं.' म्हणजे बाई नाहीत तर पलीकडचं एकही गाणं नाही. देशात भाषा दोन आणि दुकान एकाच भाषेचं. अर्धंच की. सोमवारी पहिलं गिऱ्हाईक माझी आई असणार आहे. नोकरी सोडून लेकीने काय केलं ते बघायला ती तिकडे पुलापलीकडे बसणार, आपल्या भाषेतलं गाणं शोधणार, आणि तिला काय सापडणार? तुमच्याकडचा तो लग्नाचा बँड?

सासरे : त्या बँडला नावं ठेवू नकोस. चांगला खपायचा.

सून : काय होतं पत्रात?

सासरे : त्या एकदा दुकानात येऊन गेल्या होत्या. मी माळ्यावर खोकी लावत होतो, दिसल्या नाहीत. मग पत्र आलं. 'महोदय, आपल्या दुकानात माझी रेकॉर्ड आहे हे पाहून आनंद झाला. ती ज्या कप्प्यात आहे, त्यावर "परदेशी" अशी पाटी आहे. मी पूल ओलांडून चालत आले होते. पायात घरातल्या चपला होत्या. आपला दोघांचा देश एकच, असा माझा समज आहे. तरी मी कुठे उभं राहायचं, ते कळवावे.'

सून : पाठ आहे तुम्हाला.

सासरे : त्यांच्या भाषेतलं वाचणं जमतं मला.

सून : मग तुम्ही केलंत काय?

सासरे : पाटी काढली. त्याच संध्याकाळी. एक स्क्रू गंजला होता, लाकूड सोलवटलं. दुकान बंद होईपर्यंत तो कप्पा बिनपाटीचा होता. लोक विचारायचे, यात काय आहे? मी म्हणायचो, बघा की.

सून : मग हेच कळवायचं. 'पाटी काढली, माफ करा.'

सासरे : लिहिलं होतं तसं. मग वाटलं, त्यांनी पाटीबद्दल विचारलंच नाहीये. कुठे उभं राहायचं, असं विचारलंय. ते मला माहीत नव्हतं. आणि लिहायचं कुठल्या भाषेत? आपल्या भाषेत लिहिलं तर पुन्हा तेच, पाटीवाला माणूस. त्यांच्या भाषेत लिहावं तर दर ओळीला चूक.

सून : तुमच्याकडे पलीकडच्या कादंबऱ्यांची दोन कपाटं भरली आहेत.

सासरे : वाचताना चुकलं तर कुणाला कळत नाही.

सून : म्हणून लग्नाला आठ वर्षं झाली तरी माझ्याशी माझ्या भाषेत एक वाक्य बोलला नाहीत. मला आपलं वाटायचं, सासऱ्यांना आवडत नसेल.

सासरे : छे गं. तू हसशील असं वाटायचं.

सून : हसले असते. मग काय झालं असतं?

सासरे : … ते राहू दे. तुझ्या दुकानात तू त्यांना कुठे ठेवलंयस, ते दाखव.

सून : हे बघा. पहिलं पान. गायन, वाद्यं, मुलांची गाणी, नाचाची गाणी. हे फोटो मी काढलेत. आणि पलीकडचं सगळं येईल ते इथे, खाली, या कोपऱ्यात…

सासरे : चष्मा दे जरा. 'इतर भाषा'.

सून : ते वेबसाइटच्या साच्यात तयारच होतं, बाबा. तो विचारतो, मुख्य भाषा कोणती. एक टाकली की उरलेलं सगळं आपोआप जातं.

सासरे : इतरमध्ये.

सून : हो.

सासरे : तुझी आई तुला हाका मारते, ती भाषा.

सून : बास, बाबा. मी स्वतः पलीकडची. रोज सकाळी हे पान उघडतेय आणि… शी. मला एकदाही खटकलं नाही.

सासरे : बरं वाटलं.

सून : बरं वाटलं?

सासरे : मी एकटाच नाही म्हणून. शिवाय माझी पाटी दिसायला चांगली होती. पेंटरकडून करून घेतली होती.

सून : टोमणे पुरे. उपाय सोपा आहे. आत येतानाच विचारायचं, तुमची भाषा कोणती? ही म्हणाला तर या दारातून, ती म्हणाला तर त्या दारातून. दोघांचा मान राहिला.

सासरे : मग ती दोन दुकानं झाली. आपापल्या दारातून आत आणि आपापल्या दारातून बाहेर. पलीकडे काय वाजतंय, ते कळणार कुणाला?

सून : मग तुम्ही सांगा.

सासरे : मी काय सांगणार? मला त्यातलं काही कळत नाही.

सून : साच्यातलं कळत नाही. गिऱ्हाइकातलं कळतं ना? बिनपाटीच्या कप्प्यातलं कुणी काही घ्यायचं का?

सासरे : म्हणजे काय! तोच कप्पा आधी रिकामा व्हायचा. अगं, माणूस दुकानात शिरला की आधी पाट्या वाचत नाही. काउंटरवर रेकॉर्ड लागलेली असते. तो मान वाकडी करतो आणि विचारतो, 'हे काय लागलंय?' बाईंची अकॉर्डियन तर मी मुद्दाम लावायचो. कुठल्या भाषेतली, असं कुणी विचारल्याचं आठवत नाही. बाईंचं ऐकलं की लोक आपल्याकडचा तो तिरसट अकॉर्डियनवाला मागायचे, आणि त्याचं ऐकलं की बाईंचं.

सून : थांबा, थांबा. म्हणजे पहिल्या पानावर कप्पेच नकोत. काहीतरी लागलेलं हवं.

सासरे : असं होईल का?

सून : न व्हायला काय झालं? बटण दाबलं की धून सुरू. कधी इकडची, कधी तिकडची. खाली वाजवणाऱ्याचं नाव. त्याच्या भाषेत वर, दुसऱ्या भाषेत खाली. आणि कप्पे वाद्याप्रमाणे. अकॉर्डियनच्या कप्प्यात दोघं.

सासरे : शेजारी शेजारी? ते भांडतील.

सून : भांडू देत. शेजारीच भांडतात. मी लावते फोन बाईंना.

सासरे : आत्ता? अगं, माझी तयारी…

(सून फोन स्पीकरवर ठेवते. बाई त्यांच्या भाषेत बोलतात, सासरे आपल्या. दोघांनाही सगळं कळतं.)

बाई : कोण बोलतंय?

सासरे : मी… माझं रेकॉर्डचं दुकान होतं. पुलाजवळ, कोपऱ्यावर.

बाई : आठवतंय. भिंतींचा रंग भयंकर होता.

सासरे : पिस्ता होता तो.

बाई : होता खरा. बोला.

सासरे : तुमच्या पत्राचं उत्तर सापडलंय. सांगू का?

बाई : नको.

सासरे : नको?

बाई : मी फोन केला नव्हता. पत्र लिहिलं होतं. चांगला कागद आणला होता त्यासाठी.

सासरे : हो. जाड होता. फिका निळा.

बाई : इथे सगळे मला विचारतात, सही करायची का? मी सांगते, थांबा, पुलापलीकडे एक गृहस्थ लिहायला बसलेत.

सून : बाई, नमस्कार, मी त्यांची सून. सोमवारी दुकान उघडतंय, टपालाला उशीर झाला तर…

बाई : तू आमच्याकडची दिसतेस. मग तुला माहीत आहे, आज संध्याकाळी टाकलेलं उद्या मिळतं. गृहस्थ, कुठल्याही भाषेत लिहा, मी काही तपासायला बसलेली नाही. फक्त एका ओळीत आटपू नका. एवढी वाट बघितली आहे.

सासरे : नाही आटपणार.

बाई : ठेवते. शिष्य आलेत.

सून : … बाई तुम्हाला 'पुलापलीकडचे' म्हणाल्या.

सासरे : मग? त्यांच्याकडून मी पलीकडेच. कागद कुठे आहे चांगला? प्रिंटरमधला नको. आणि तू इथे उभी राहू नकोस, मला सुचत नाही.

(दोन तासांनी.)

सून : बाबा, झालं का? टपालपेटी उघडायची वेळ होत आली. कागदांचा केवढा ढीग केलाय हा.

सासरे : झालं. तू वाच. मोठ्याने वाचायचं तर हळू मोठ्याने वाच.

सून : अय्या, माझ्या भाषेत लिहिलंत. 'बाई, पत्र मिळालं. उशीर झाला हे तुम्हाला माहीत आहे, म्हणून त्यावर शाई घालवत नाही. पाटी त्याच दिवशी निघाली. तुमची ती रेकॉर्ड मी विकली नाही. काउंटरवर वाजवायला ठेवून घेतली. ती ऐकून लोक तुमच्या दुसऱ्या घेऊन गेले. तुम्ही विचारलंत, कुठे उभं राहायचं? नव्या दुकानात शिरल्यावर आधी ऐकू यायचं, मग दिसायचं. त्यानंतर अकॉर्डियनच्या कप्प्यात, आमच्याकडच्या त्या तिरसट म्हाताऱ्याच्या शेजारी. तो तुमच्यापेक्षा भरभर वाजवतो. तुम्ही त्याच्यापेक्षा चांगलं वाजवता. हे मी त्याला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नये. चालत आलात, तर या खेपेला मी माळ्यावर नसेन.'

सासरे : फार झालं का? शेवटचं वाक्य काढू?

सून : हात लावू नका त्याला. दोन-तीन ठिकाणी चुकलंय, तेवढं नीट करू का?

सासरे : नको. माझ्या चुका तुझ्या अक्षरात शोभणार नाहीत. चल, चपला घाल.

सून : हळू चाला हो. एरवी कोपऱ्यापर्यंत जायला अर्धा तास लावता.

सासरे : टपालवाला माझ्यासाठी थांबायचा नाही. तिकीट सरळ लागलंय ना?

सून : सरळ आहे. बाबा, समजा, वाचूनही त्यांनी सही दिली नाही तर?

सासरे : तर त्यांची जागा मोकळी ठेवून दुकान उघडायचं. म्हाताऱ्याला सरकू द्यायचं नाही.

सून : आणि आई?

सासरे : आईला मी फोन करीन. सांगेन, शेजारीण यायची आहे अजून.

सून : तुम्ही करणार फोन? बरं. टाका मग. आली पेटी. किती वेळ धरून उभे राहणार?

सासरे : टाकतो. … पडलं. पेटी रिकामी होती वाटतं, केवढा आवाज आला.

सून : बाबा, हे तुम्ही माझ्या भाषेत म्हणालात.

सासरे : हो का? काही चुकलं का त्यात?

सून : नाही. चला, दुकान लावायचंय.