मेरी राणीचा धडा

आखातातल्या अबू हमूर भागात, दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई मुलीची इतिहासाची उजळणी घेत होती. मुलगी बाराएक वर्षांची असेल.

“चैत्राली, तिसऱ्यांदा विचारतेय. मेरी राणीनं काय केलं?”

“तिच्या बाबांनी तिच्या आईला सोडलं.”

“ते बाबांनी केलं. तिनं राणी झाल्यावर काय केलं?”

“जे कॅथलिक व्हायला तयार नव्हते त्यांना जाळलं. जवळजवळ तीनशे माणसं.”

“हां. एवढं लिही, खलास. मार्क त्याचेच आहेत.”

“पण आई आजारी होती, तरी मेरीला भेटू दिलं नाही. आई तशीच गेली. ते नको लिहू?”

“अगं, प्रश्न तो नाहीये ना. किती वेळा सांगू?”

“भेटू का नाही दिलं?”

“ती आईच्या बाजूनं होती म्हणून. बाबांच्या नव्या बायकोला राणी म्हणेना.”

“मी पण तुझ्या बाजूनं आहे.”

“म्हणजे?”

“पुण्याहून बाबांचा फोन आला तर घेऊ नकोस म्हणालीस. चार महिने मी घेतला नाही. बाबा आजारी पडले तर?”

“चैत्राली, लोक आहेत इथे.”

“त्यांना कुठे मराठी कळतंय?”

मी मासिकाचं पान उलटलं.

“हा घे फोन. बाहेर जाऊन बोल.”

“तू बोलणार?”

“नाही. तू बोल. जा.”

मुलगी गेली. आईनं वही मिटली आणि माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाली, “सॉरी, बच्चे बहुत बहस करते हैं.”

“कोई बात नहीं,” मीही हिंदीतच म्हणाले.