काट्याजवळचा माणूस

सिताराम : यादीत माझं नाव पयलं हाय, ते बराबर हाय मालक. तेच सांगायला सरळ स्टँडावरून आलो.

महांतेश : सितारामकाका, आधी बसा तर. लेक कशी आहे?

सिताराम : मंजुषा बरी हाय. जिंतूरलाच बाळंत झाली, नातू झाला. एसटीतून उतरलो तर आपले हमाल भेटले. म्हणले, पुण्याच्या सायबानं कागद धाडलाय, एकोणीसातले आठ माणसं जास्तीचे.

महांतेश : मीच बोलावलं होतं त्यांना, खर्च कुठं कमी होईल ते बघायला. शंभर वर्षांची आपली आडत, आणि सोनपेठातली कालची दुकानं सहा माणसांत आपल्याहून जास्त सोयाबीन घेतात. तुमच्या नावापुढं त्यांनी लिहिलंय, 'काम : काट्याजवळ बसणे.'

सिताराम : खोटं कुठं लिवलं? इलेक्ट्रॉनिक काटा आला तवा बाकीच्या आडतींनी पोती तोलणारे मापाडी काढून टाकले. तुमच्या आजोबांनी, भीमाशंकरआप्पांनी, मला बोलावलं. म्हणले, "सिताराम, काटा नवा हाय, शेतकऱ्याचा भरोसा न्हाई. भरोसा बसस्तोर तू बाजूला बस."

महांतेश : मग?

सिताराम : मंग काय! भरोसा बसून बारा वर्सं झाली. मीच कुणाला सांगितलं न्हाई.

महांतेश : काका!

सिताराम : आप्पा गेले, तुमचे वडील गेले. कुणी इचारलं न्हाई, मी बोललो न्हाई. बसल्या पगारावर मंजुषा नर्स झाली. ह्या घराचे लय उपकार हायेत मालक. दर सोमवारी म्हणायचो आज सांगतो, पण जीभ रेटायची न्हाई. मला काढा, मी राजीखुशीनं जातो. पण त्या सातांना ठेवा. त्यांची लेकरं अजून शिकायलीत.

महांतेश : तुम्ही काट्याजवळ नेमकं करता काय?

सिताराम : काय करणार? हर शेतकऱ्याचं पयलं पोतं हातानं उचलून बघतो. मंग आकड्याकडं बघतो. जमलं तर मान हलवतो. जुनी सवय, दुसरं काय.

महांतेश : आता माझं ऐका. तुम्ही चार दिवस नव्हता. काटा तोच, भाव तोच. पण लोक एकेक पोतं दोनदा तोलायला लावायचे. दुपारपर्यंत रांग रस्त्यावर. दोन टेम्पो तर माल न उतरवता पाथरीला गेले. आणि दिनकरराव, आपले वीस वर्षांचे गिऱ्हाईक, मला तोंडावर म्हणाले, "सिताराम येईस्तोर माझं सोयाबीन घरीच बरं."

सिताराम : दिनकरराव? असं म्हणले?

महांतेश : भरोसा काट्यावर नव्हताच, काका. तो तुमच्यावर होता, आणि आम्ही तीन पिढ्या त्यावर जेवलो. उपकार म्हणाल तर ते तुमचे आहेत.

सिताराम : (उपरण्यानं डोळे पुसत) असं नका म्हणू, मालक.

महांतेश : तो कागद मी परत पाठवला. आता त्या सातांजवळ एकेक दिवस मी स्वतः बसणार. कोण काय करतं, हे मलाच कुठं ठाऊक आहे?

सिताराम : बसा. लय बरं वाटंल त्यांना.

महांतेश : काल तुमच्या जागी बसून बघितलं. पोतं उचललं, आकडा वाचला, मान हलवली. एकानंही माझ्याकडं बघितलं नाही.

सिताराम : बघतील, मालक. पयली दोन वर्सं माझ्याकडंबी कुणी बघितलं न्हाई.