बॅग न घेता शिवडीला

एप्रिलमधल्या एका मंगळवारी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी तात्या भोईवाड्याच्या बसथांब्यावर हात हलवत आले. रांगेत त्यांचे ऑफिसातले जुने मित्र बाप्टिस्ट उभे होते. मागे उभ्या असलेल्या एलिना नावाच्या तरुणीने त्यांचं बोलणं ऐकायला कानातला इयरफोन हळूच काढला.

“तात्या, बॅग कुठाय तुझी?” बाप्टिस्टनी विचारलं.

“घरी! गेल्या महिन्यात उन्हात चक्कर येऊन पडलो ना, तेव्हा आमच्या चिरंजीवांनी, अवधूतने फर्मान काढलं. ते चार किलोचं ओझं घेऊन एकट्याने बाहेर पडायचं नाही.”

“चार किलो? काय भरलेलं असायचं त्यात?”

“झेरॉक्स. घरातल्या सगळ्यांच्या, तीन-तीन प्रती. अवधूतची दहावीची मार्कशीटसुद्धा.”

“त्याला टक्कल पडलं रे आता!”

“कोण कधी काय मागेल, सांगता येतं? बत्तीस वर्षं टेबलामागे बसून मीच मागत होतो.”

“आणि आज?”

“खिशात पास, किल्ली, रुमाल, फोन. हातात पाण्याची छोटी बाटली. डोक्यावर टोपी. बस्स!”

“मैदान मारलंस, लेका! चाललास कुठे?”

“शिवडीला, फ्लेमिंगो बघायला. एकटा!”

तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला.

“हां अवधूत... नाही रे, बॅग नाही घेतली. बाप्टिस्टला विचार हवं तर... पोचलो की करतो फोन. आणि उद्याही एकटा बाहेर पडू ना?... संध्याकाळी सांगतोस? बरं.”

नऊ चौतीसला बस आली. तात्या कुणाचा हात न धरता चढले आणि खिडकीशी बसले. उद्याचा निकाल अवधूतने संध्याकाळपर्यंत राखून ठेवला होता.