वहिनीनं खाली ठेवलेला गिलास

तुमी म्हनता ना, पुढाऱ्यायले घरच्या बायांचं काई समजत नाई? मंग आमच्या वहिनीचं आयका. ती अमरावतीकडच्या एका बाजारात झेंडू, शेवंती विकते. मागच्या उन्हाळ्यात तिकडचे एक पुढारी बाजारात थंड पान्याच्या मशिनीचं उद्घाटन करायले आले. पयला गिलास त्यायनं वहिनीच्या हातात देल्ला. वहिनीनं तो न पेता खाली ठेवला.

साहेबाचं तोंड उतरलं. "कावून ताई, पानी चांगलं नाई का?"

"चांगलं हाय साहेब. पन पेलं तर जावं कुठं? इथं बायायसाठी संडासच नाई. आमी सकाळी घरून निघतो, ते दुपारी घरी गेल्यावरच पानी पेतो."

फोटोवाला तयारच होता. साहेबानं त्याले हातानं थांबवलं अन् वहिनीच्या टोपलीजवळ खाली बसले.

"माही मायबी बाजारात भाजी विके," ते हळूच म्हनले. "तिबी दिवसभर पानी पेत नसे. मले वाटे, तिले तहानच लागत नाई."

दिवाळीच्या आत संडास बांधून झालं. साहेबानं फीत वहिनीलेच कापायले लावली अन् विचारलं, "आता झालं ना मनासारखं?"

"झालं. पन दाराले कुलूप हाय, त्याची चावी कोनाजवळ राहीन?"

साहेबानं संडास बांधनाऱ्या ठेकेदाराकडं पायलं. ठेकेदार चावी खिशात घालून राहिला होता. साहेबानं त्याच्याजवळची चावी घेतली अन् वहिनीच्या हातावर ठेवली.

"ताई, हे काई मले सुचलं नसतं."

वहिनी म्हनली, "म्हनूनच विचारत जा, साहेब."