मुळगावात जपानी बातम्या

हसू नका, पण मी रोज चहाबरोबर जपानी बातम्या बघतो. अक्षर कळत नाही. नोकरीत साहेबांचं बोलणंही असंच ऐकायचो.

आमची सुलू जपानात असते. तिथले लोक टीव्ही का बघतात, यावर संशोधन करते. परवा फोनवर म्हणाली, “बाबा, इथे एक आजोबा भेटले. मुलगा ब्राझीलला, म्हणून तिथल्या बातम्या लावून बसतात. भाषा येत नाही! रस्त्यावरची गर्दी दाखवली की उठून टीव्हीला नाक लावतात. वेडेच ना?”

“वेडेच,” मी म्हटलं.

तेवढ्यात शेजारचा शाबी दारातून ओरडला, “भाऊ, आज तरी दिसलां काय तुमचां चेडूं, सुलू, टीव्हीर?”

सुलूने ते फोनवर ऐकलं. मग म्हणाली, “बाबा, उद्यापासून मी लाल छत्री घेऊन फिरते. पाऊस असो, नसो.”