मागच्या खोलीतले खडे

—नाही हो अण्णा, मागची खोली सोडून बोला. पुढची बघितलीत, न्हाणीघर बघितलंत, पाहिजे तर विहीर बघा. भाड्यानं जागा हवी म्हणून मल्लेश्वरमभर हिंडताय म्हणता, आणि खोल्या किती ते विचारायच्या आधीच 'मागं कोण राहतं' विचारता — हे कसं काय? मराठी समजतं ना? सरी, ठीक. मग स्पष्टच बोलते. मी कस्तुराबाई, घर माझं, आमचे हे गेल्यापासून मीच बघते सगळं, आणि कोण जागेसाठी आलाय नि कोण दुसऱ्याच कामासाठी, ते मला चपला काढायच्या रीतीवरून कळतं. पाणी ठेवलंय, घ्या. नको? बरं.

मागं जयतीर्थ राहतात. धारवाडचे, इथल्या विज्ञान संस्थेत संशोधन करतात — बस, एवढंच सांगणार. दिवाळीत तुमच्यासारखाच एक आला होता, कोटबीट घालून. जयतीर्थांचा मित्र म्हणे! चकल्या खाल्ल्या, गोड गोड बोलला, आणि जाताना एक खडा खिशात घालून गेला. त्या दिवशी जयतीर्थ जेवले नाहीत. तेव्हापासून त्या दाराला आतून कडी. आता तुम्ही म्हणाल, खड्यांना कडी कशाला — म्हणाला नाहीत, पण तोंडावर दिसतंय की. अहो, रस्त्यावरचे खडे नव्हेत ते. मीठ आहे एक, रोशेल मीठ म्हणतात, आपल्या जेवणातलं नव्हे. ते पाण्यात विरघळवायचं, दोऱ्याला बारका कण बांधून आत सोडायचा, आणि पाणी स्वल्प स्वल्प निवू द्यायचं. आठवडेच्या आठवडे. कण वाढत जातो, खडीसाखरेसारखा, पण काचेहून स्वच्छ. पाणी एकदम गार झालं, भांड्याला कुणाचा धक्का लागला — झालं, आत ढग उठतात, सगळी मेहनत वाया. संस्थेत भांड्याला निवांत जागा मिळेना, आणि आमची ती खोली दगडी, दिवसभर एकसारखी थंड. म्हणून इथं.

करायचं काय त्याचं? त्यासाठीच आलात ना! सांगते, एवढं तर छापूनही आलंय म्हणे. खड्याची पातळ चकती कापायची, तिच्या खाली-वर दोन काळसर काचा, खालून दिवा. चकतीचा एक भाग उजळ दिसतो, एक काळा. विजेचा झटका दिला की काळ्याचा उजळ होतो — आणि वीज काढून घेतली तरी तसाच राहतो! उजळ म्हणजे हो, काळा म्हणजे नाही. अशा हो-नाहीत अख्खं पुस्तक लिहून ठेवता येईल, म्हणतात जयतीर्थ. विजेनं लिहायचं, उजेडानं वाचायचं. ती कपाटाएवढाली हिशेबाची यंत्रं निघालीयत ना, त्यांना लक्षात ठेवायला. पण या मिठाचं एक आहे, हवा तापली की सगळं विसरतं. म्हणून ते दुसरा खडा शोधतायत, उन्हाळ्यातही न विसरणारा. मला कुठलं कळायला हे, प्रेमानं समजावलं. प्रेमा माझी मुलगी. बीएस्सी झालीय. जयतीर्थ बाहेर गेले की भांड्याजवळ तीच बसते. पहिल्यांदा त्यांनी तिला चकती दाखवली तेव्हा मी दारातच उभी होते — तरुण पोर, परका मुलगा, उभं राहावंच लागतं — एकाच भिंगावर दोघं वाकलेली, आणि 'उजळला!' म्हणून दोघं एकदम ओरडली. मी तेव्हाच ओळख— म्हणजे, हुशार आहे पोर. पावसाळ्यात दोघं देवनहळ्ळीला गेली तेव्हा भांडं मीच राखलं... का म्हणजे? देऊळ आहे तिथं. देवळात माणसं जातात की. हल्लीही मीच बघते बरंचसं, तिला वाकवत नाही. या दिवसांत वाकू नये म्हणतात — थंडीच्या हो, थंडीच्या दिवसांत! कंबर धरते.

वय? तिचं वय कशाला हवंय तुम्हाला?

थांबा. खड्याचं एवढं पुराण लावलं तेव्हा तुम्ही रस्त्याकडे बघत होतात. देवनहळ्ळी म्हटलं नि मान वळली. खड्याच्या मागावरचा माणूस खड्याबद्दल विचारील, माझ्या पोरीचं वय कशाला विचारील? आणि पाणी — शिवलाही नाहीत त्याला. ती टोपी कानापर्यंत ओढलीत, तरी कानशिलावरची गोपीचंदनाची मुद्रा दिसते मला. जयतीर्थ राहायला आले तेव्हा तशीच लावायचे. भुवईसुद्धा... अगं बाई. धारवाडहून आलात तुम्ही.

उठू नका. आम्ही लपवलं, खरं आहे. 'अप्पांना मीच सांगेन' म्हणायचे ते — हा खडा जमू दे, मग जातो धारवाडला. तो बिघडला, दुसरा लावला, जाणं राहिलंच. मला तर दारात कुणी उभं राहिलं की धस्स व्हायचं. खडा नेईल म्हणून नव्हे. तुम्ही याल आणि त्यांना घेऊन जाल म्हणून. न्यायचं असेल तर त्यांना विचारा, ते काय लहान नाहीत. आमच्या जातीबद्दल काय बोलायचं ते मला बोला, मी ऐकून घेईन, पण तिच्यासमोर नको. देवळात भटजींनी मंत्र म्हटलेत, अक्षता मी टाकल्यात. तिला न बघता या ओसरीवरून जायचं नाही तुम्ही.

काय म्हणालात? ...पाचवा. पाचवा लागलाय.

बसलात. बरं झालं.

प्रेमा! भांडं राहू दे, मी बघते. पदर सारखा कर नि बाहेर ये — तुझे सासरे आलेत.